भुवईएवढी हालचाल

एका फळीखाली एक कुत्रा वाकून उभा आहे. फळी म्हणजे खरे तर दार आहे; कुत्र्याचा मालक वॉलेस ते करवतीने कापतो आहे आणि टेकू म्हणून त्याने आपल्या कुत्र्याची पाठच वापरली आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या बीकन्सफील्ड येथील नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलमध्ये निक पार्क नावाचा एक विद्यार्थी हे दृश्य एकेक फ्रेम करून चित्रित करत होता. कुत्रा प्लॅस्टिसिनचा, म्हणजे न वाळणाऱ्या मऊ मातीचा होता आणि तो बोलणार होता, म्हणून त्याच्यासाठी तोंडाचे निरनिराळे आकारही करून ठेवलेले होते. पण फळीखाली हात घालून, बाहुल्याला धक्का न लावता, प्रत्येक फ्रेमसाठी नवे तोंड बसवणे फारच जिकिरीचे झाले. तेव्हा पार्कने जेवढे बोटाच्या टोकाला लागत होते तेवढेच हलवून पाहिले, म्हणजे डोळे आणि भुवई. भुवई जराशी खाली ओढली की कुत्रा वैतागलेला दिसे. तिचे आतले टोक किंचित उचलले की तो काळजीत पडे. तोंडाची गरजच उरली नाही. ग्रोमिट त्या दिवसापासून मुका झाला, आणि माझ्या मते आर्डमन या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचा सगळा इतिहास या एका अडचणीत दडलेला आहे, जरी त्या वेळी पार्क अजून त्या स्टुडिओत पोचलाही नव्हता.

स्टुडिओचे मूळ त्याच्या दहा वर्षे आधीचे आहे. पीटर लॉर्ड आणि डेव्हिड स्प्रॉक्सटन हे लंडनच्या नैर्ऋत्येला असलेल्या वोकिंग या गावातले शाळासोबती. स्प्रॉक्सटनचे वडील बीबीसीमध्ये निर्माते होते आणि त्यांच्याकडे चावी देऊन चालवायचा बोलेक्स कंपनीचा १६ मिलिमीटरचा कॅमेरा होता. या दोघा मुलांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या कॅमेऱ्याने चित्रांशी खेळायला सुरुवात केली. खडूने काढायचे, एक फ्रेम घ्यायची, पुसायचे, पुन्हा काढायचे. वडिलांच्या ओळखीतून हे प्रयोग बीबीसीच्या एका निर्मात्यापर्यंत पोचले आणि १९७२ मध्ये त्यांचा एक छोटासा तुकडा विकत घेतला गेला. त्या तुकड्यातल्या फजितखोर महानायकाचे नाव होते आर्डमन. आर्डव्हार्क या मुंग्या खाणाऱ्या आफ्रिकी प्राण्याच्या नावाचा अर्धा भाग आणि महानायकांच्या नावाला लागणारे शेपूट यांची ती जोडणी होती. मिळालेला धनादेश बँकेत भरायचा तर खाते हवे आणि खात्याला नाव हवे, म्हणून तेच नाव दिले गेले. गंमत अशी की तो आर्डमन मातीचा नव्हताच. पारदर्शक तावांवर रंगवलेले ते सपाट चित्र होते. ज्या नावाने आज जगभर प्लॅस्टिसिन आठवते, त्या नावाचा मूळ मालक प्लॅस्टिसिनला कधी शिवलाही नाही.

ज्या कार्यक्रमाने हा तुकडा घेतला त्याकडे मला अधिक लक्ष वेधायचे आहे. 'व्हिजन ऑन' हा बीबीसीचा कार्यक्रम कर्णबधिर मुलांना समोर ठेवून आखलेला होता. १९६४ ते १९७६ अशी बारा वर्षे तो चालला, ऐकू येणारी मुलेही तो आवडीने पाहत, पण त्याची मांडणी आवाजावर विसंबून नव्हती. ज्याला ऐकू येत नाही त्यालाही गोष्ट कळली पाहिजे, ही तिथली साधी पण कठोर अट होती. शाळा नुकतीच संपवलेल्या दोन मुलांना व्यवसायाचा पहिला धडा अशा ठिकाणी मिळावा, हा योगायोग खरा. पण पुढच्या पन्नास वर्षांत या स्टुडिओने जी जी पात्रे अजरामर केली त्यांतली बहुतेक बोलत नाहीत, हे पाहिले की त्याला केवळ योगायोग म्हणवत नाही.

पहिले नावाजलेले पात्र मॉर्फ. 'व्हिजन ऑन' संपल्यावर त्यातले चित्रकार टोनी हार्ट यांचा 'टेक हार्ट' हा कार्यक्रम सुरू होणार होता आणि तो ब्रिस्टलमधून होणार होता. म्हणून १९७६ मध्ये लॉर्ड आणि स्प्रॉक्सटन ब्रिस्टलला आले आणि तिथलेच झाले. हार्ट यांच्या टेबलावर लाकडी पेटीत राहणारा, विटकरी रंगाचा, वीतभरही उंच नसलेला मॉर्फ हे त्यांचे पहिले मोठे काम. तो काही तरी बडबडत असे, पण ती बडबड कुठल्याच भाषेतली नव्हती. रागावला की गोळा होऊन घरंगळत जाई, लाजला की वितळल्यासारखा बसे. त्याला ना कपडे, ना केस. मातीचा एक गोळा, त्याला हातपाय आणि दोन डोळे. अंगावर लपवायला काहीच नसल्यामुळे त्याच्या उभे राहण्यातूनच सारे सांगावे लागे. टोनी हार्ट २००९ च्या जानेवारीत गेले, तेव्हा चाहत्यांनी लंडनच्या टेट मॉडर्न या कलादालनाबाहेर स्वतःच्या हाताने केलेले शेकडो मॉर्फ आणून मांडले होते. त्या मांडणीची छायाचित्रे मी पाहिली आहेत. एकही मॉर्फ दुसऱ्यासारखा नाही. काहींना तर मॉर्फ म्हणायलाही उदार मन लागेल. पण बहुतेक सगळे कुणाकडे तरी मान वर करून पाहताहेत.

इथपर्यंतची गोष्ट मुक्या बाहुल्यांची आहे. पण त्याच सुमारास या दोघांनी अगदी उलट्या दिशेचे काम हाती घेतले, आणि मला वाटते की आर्डमनचे खरे शिक्षण त्यात झाले. बीबीसीसाठी 'अ‍ॅनिमेटेड कॉन्व्हर्सेशन्स' या मालिकेत त्यांनी दोन लघुपट केले. कल्पना अशी की माणसांचे खरेखुरे बोलणे ध्वनिमुद्रित करायचे आणि लिहिलेल्या संवादांऐवजी त्या बोलण्यावर बाहुले हलवायचे. 'डाउन अँड आउट' या लघुपटात निराधारांच्या वसतिगृहात आलेला एक म्हातारा खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याशी बोलतो. बोलणे अडखळते, एकाचे म्हणणे दुसऱ्याला नीट कळत नाही, मध्येच कुणी भलतेच काही विचारते. लेखकाने लिहिला असता तर हा प्रसंग कितीतरी नीटस झाला असता आणि तितकाच खोटाही. अ‍ॅनिमेटरला मात्र अशा बोलण्यावर काम करताना प्रत्येक श्वास मोजावा लागतो. माणूस वाक्य सुरू करण्याआधी किती वेळ थांबतो, उत्तर न सुचल्यावर नजर कुठे टाकतो, 'नाही' म्हणतानाही मान थोडी होकारार्थी कशी हलते, हे सारे फ्रेमच्या हिशोबात बसवायचे असते. कानांनी ऐकलेले बोटांनी लिहून काढण्यासारखे ते आहे. १९८२ मध्ये चॅनल फोर ही नवी वाहिनी सुरू झाली, तिने याच पद्धतीचे आणखी लघुपट मागवले, आणि मातीचे बाहुले म्हणजे पोरखेळ ही समजूत निदान ब्रिटनमध्ये तरी ढासळू लागली.

या मातीबद्दलही थोडे सांगायला हवे. प्लॅस्टिसिन ही ब्रिस्टलपासून फार लांब नसलेल्या, बाथ शहराला लागून असलेल्या बाथॅम्पटन गावातली निर्मिती. विल्यम हार्बट या कलाशिक्षकाने १८९७ मध्ये आपल्या शिल्पकलेच्या विद्यार्थ्यांसाठी न वाळणारी माती शोधली, कारण साधी माती काम अर्धवट असतानाच कडक होऊन जाई. न वाळणे हाच तिचा गुण आणि तोच तिचा छळ. ती दिव्याच्या उष्णतेने मऊ पडते, हाताचा मळ धरते, आणि कितीही जपले तरी बोटांचे ठसे तिच्यावर उठतात. पडद्यावर वॉलेसच्या गालावर हे ठसे क्षणभर लुकलुकताना दिसतात. पुढे मोठ्या चित्रपटांच्या काळात ते पुसून टाकणे सहज शक्य होते, तरीही स्टुडिओने ते मुद्दाम राहू दिले.

आता पार्ककडे परत येऊ. 'अ ग्रँड डे आउट' हा आपला विद्यार्थिदशेतला चित्रपट त्याने १९८२ मध्ये सुरू केला आणि तो संपायला १९८९ उजाडले. वॉलेसच्या आवाजासाठी त्याने पीटर सॅलिस या नामवंत अभिनेत्याला पत्र लिहिले आणि मानधन म्हणून त्यांच्या पसंतीच्या धर्मादाय संस्थेला ५० पौंड देऊ केले. सॅलिस यांनी होकार दिला, ध्वनिमुद्रण करून ते निघून गेले, आणि पुढली कित्येक वर्षे त्या विद्यार्थ्याचा पत्ता नव्हता. चित्रपट पूर्ण झाल्याचा फोन आला तेव्हा त्यांना काय वाटले असेल, याची मी नेहमी कल्पना करतो. दरम्यान त्या ध्वनिफितीने पार्कच्या टेबलावर एक वेगळेच काम केले होते. सॅलिस 'चीझ' हा शब्द ओठ ताणून, लांबवून उच्चारत. त्या उच्चाराला न्याय द्यायचा तर वॉलेसचे तोंड गालभर रुंद हवे होते, म्हणून ते तसे झाले. वॉलेसच्या आवडत्या चीझचे नावही पुढे अशाच हिशोबाने ठरले. वेन्स्लीडेल म्हणताना दात छान दिसतात, हे त्याच्या निवडीचे कारण. यॉर्कशरमधल्या हॉस गावचा, हे चीझ करणारा कारखाना त्याच काळात बंद पडून पुन्हा कसाबसा उभा राहत होता आणि या चित्रपटांमुळे त्याच्या मालाला मागणी वाढली. दाताच्या आकारावरून केलेल्या निवडीने एका गावाचा रोजगार सावरला, हे पार्कच्या स्वप्नातही नसणार.

तर एका बाहुल्याचा चेहरा ऐकण्यातून घडला आणि दुसऱ्याचा गप्प बसण्यातून. चित्रपट रखडला असतानाच लॉर्ड आणि स्प्रॉक्सटन यांची पार्कशी गाठ पडली. १९८५ मध्ये तो ब्रिस्टलला येऊन त्यांना सामील झाला, आणि स्टुडिओचे काम करता करता आपला चित्रपटही तिथेच पुरा करायची मुभा त्याला मिळाली. आल्या आल्या त्याच्या वाट्याला आलेल्या कामांपैकी एक म्हणजे पीटर गॅब्रिएल या गायकाच्या 'स्लेजहॅमर' या १९८६ च्या गाण्याची चित्रफीत. स्टीफन जॉन्सन दिग्दर्शक होते, क्वे हे अ‍ॅनिमेटर बंधूही कामावर होते, खुद्द गायक काचेखाली तासन्तास निपचित पडून होता, आणि पार्क दोन सोललेल्या खऱ्या कोंबड्यांना नाचवत होता. एमटीव्हीने त्या चित्रफितीवर नऊ पुरस्कारांची उधळण केली आणि स्टुडिओकडे जाहिरातींची रीघ लागली. माझ्यापुरते सांगायचे तर ती चित्रफीत मी कौतुकाने पाहतो, पण प्रेमाने नाही. तिथे सगळेच एकसारखे हलत असते.

प्रेमाने पाहावा असा लघुपट त्यानंतर आला. चॅनल फोरसाठी १९८९ मध्ये केलेल्या 'लिप सिंक' या पाच लघुपटांच्या संचात पार्कचा 'क्रीचर कम्फर्ट्स' होता. जेमतेम पाच मिनिटांचा. राहत्या जागेबद्दल माणसांच्या मुलाखती घ्यायच्या आणि त्यांचे शब्द प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांच्या तोंडी घालायचे, एवढीच कल्पना. ब्राझीलहून आलेला एक विद्यार्थी थंडी, जेवण आणि जागेची टंचाई यांबद्दल हातवारे करत तक्रार करतो आणि पडद्यावर ती तक्रार एक मोठे रानमांजर करत असते. गंमत प्राण्यांची नाही, हे दुसऱ्यांदा पाहताना कळते. पोपटाने, कासवाने, ध्रुवीय अस्वलाने काही विनोद केलेला नाही. माणसे अडचणीच्या जागेत राहतात आणि विचारले की 'तसे बरेच आहे' म्हणतात, ते हे आहे. बोलताना त्यांच्या आवाजात येणारा जो क्षणभराचा खंड असतो, त्या खंडात पार्क प्राण्याला काहीही करू देत नाही. फार तर पापणी लवते. याच संचातल्या पीटर लॉर्ड यांच्या 'वॉर स्टोरी'त ब्रिस्टलचा एक म्हातारा युद्धकाळातल्या आठवणी सांगतो, आणि तोही ऐकावा असाच आहे. पण जगाने डोक्यावर घेतले ते प्राण्यांना. १९९१ च्या ऑस्कर सोहळ्यात सर्वोत्तम लघु-अ‍ॅनिमेशनपटाच्या शर्यतीत तीनच नावे होती आणि त्यांतली दोन पार्कची होती, 'क्रीचर कम्फर्ट्स' आणि सात वर्षांनी संपलेला 'अ ग्रँड डे आउट'. पहिल्याला ऑस्करची बाहुली मिळाली. दुसऱ्याला स्वतःच्याच धाकट्या भावाकडून हार पत्करावी लागली.

अर्ध्या तासाचा 'द राँग ट्राउझर्स' १९९३ मध्ये आला आणि त्याच्याबरोबर फेदर्स मॅकग्रॉ हा पेंग्विन आला. हा खलनायक बोलत नाही. त्याला भुवईसुद्धा नाही. दुधाच्या बाटलीसारखे अंग आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे मणी. ग्रोमिटजवळ निदान कपाळ तरी होते, इथे तेही काढून घेतले आहे. पेंग्विन भाडेकरू म्हणून वॉलेसच्या दारात उभा राहतो तेव्हा तो काहीच करत नाही, आणि त्या काहीच न करण्याचा दरारा असा की पाहणारा खुर्चीत सावरून बसतो. मी ते दृश्य संगणकावर फ्रेम पुढे-मागे सरकवून पाहिले आहे. कित्येक फ्रेम तशाच्या तशा आहेत. मग डोके किंचित वळते आणि थांबते. एवढ्यावर आपण त्याच्या मनात कट शिजत असल्याचे ठरवून टाकतो. शेवटची खेळण्यातल्या आगगाडीची शर्यत, ज्यात ग्रोमिट धावत्या गाडीवर बसून पुढचे रूळ टाकत सुटतो, ती अर्थातच लोकांना अधिक आठवते आणि आठवावीच. शटर उघडे असतानाच गाडी आणि कॅमेरा एकत्र सरकवून मागची भिंत धूसर करण्याची युक्ती त्यात आहे, कारण प्रत्येक फ्रेम लख्ख असेल तर वेग वेगासारखा वाटत नाही. पण त्या धावाधावीचा जोर आधीच्या पंचवीस मिनिटांच्या शांततेतून आलेला आहे.

हे मला पुस्तकी ज्ञानातून कळले नाही. एका फसलेल्या दुपारी कळले. मोबाईल पुस्तकांच्या ढिगाला टेकवून आणि रंगीत मातीचा एक म्हातारा घडवून मी त्याला खुर्चीवरून उठवायला बसलो होतो. हिशोब सोपा आहे. सेकंदाला २४ फ्रेम; एक स्थिती दोन फ्रेम धरून ठेवली तरी सेकंदाला १२ वेळा बाहुल्याला हात लावायचा. अनुभवी अ‍ॅनिमेटरच्या हातून दिवसाला दोन-तीन सेकंद होतात, हे मला ठाऊक होते आणि आपण हौशी असल्याने अधिक लवकर करू, असा उलटा विश्वासही होता. चार तासांत नऊ सेकंद झाले. ते लावून पाहिले तर म्हाताऱ्याला हिवताप भरलेला. मी प्रत्येक वेळी त्याचे सगळे अवयव थोडे थोडे हलवले होते, म्हणून तो अंगभर थरथरत होता. त्यातच खिडकीतले ऊन टेबलावरून सरकत गेले होते, त्यामुळे चित्रही लुकलुकत होते. स्टुडिओत खिडक्या झाकून काम का करतात, तेही त्या वेळी उमगले. त्या नऊ सेकंदांत एकच जागा बरी होती. मध्येच फोन वाजला म्हणून मी उठलो होतो आणि परत आल्यावर चुकून त्याच स्थितीतल्या आठ फ्रेम जास्त घेतल्या होत्या. नेमका तिथे म्हातारा उठण्याआधी काही तरी आठवल्यासारखा वाटत होता.

त्या काळच्या आर्डमनमध्ये आधीची फ्रेम पडद्यावर पाहून घेण्याची सोयसुद्धा सुरुवातीला नव्हती. बाहुल्याच्या नाकाशी टोक टेकवलेली, बुडाला वजन असलेली लोखंडी सळई ठेवायची, नाक किती सरकले ते त्या टोकावरून जोखायचे, सळई उचलायची आणि फ्रेम घ्यायची. फिल्म धुऊन येईपर्यंत आपण काय केले ते कळायचे नाही. आठवड्याचे काम एका धक्क्याने वाया जाऊ शके. अशा कामात हात आवरण्याची सवय लागली नाही तरच नवल.

'अ क्लोज शेव्ह' या १९९५ च्या लघुपटाने पार्कला तिसरे ऑस्कर दिले. त्यानंतर हॉलीवूड दारात येणे ठरलेलेच होते. 'चिकन रन' हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट लॉर्ड आणि पार्क यांनी मिळून दिग्दर्शित केला, ड्रीमवर्क्स ही अमेरिकी आणि पाथे ही फ्रेंच चित्रपटकंपनी यांच्या भांडवलावर. तो २००० साली प्रदर्शित झाला. तुरुंगातून निसटण्याच्या युद्धपटांचा बाज कोंबड्यांना चढवलेला. अनेक सेटवर एकाच वेळी काम चाले आणि प्रत्येक कोंबडीची अनेक बाहुली लागत. त्या साऱ्या कोंबड्यांच्या गळ्यात रुमाल किंवा माळा का असतात, हे एकदा लक्षात आले की चित्रपट पाहताना हसू आवरत नाही: मातीचे डोके आणि सिलिकॉनचे धड यांचा सांधा त्याखाली झाकलेला आहे. अंदाजे साडेचार कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने बावीस कोटींच्या वर कमाई केली आणि स्टॉप-मोशनपटांत, म्हणजे बाहुले असे एकेक फ्रेम हलवून केलेल्या चित्रपटांत, इतकी कमाई त्यानंतरही कुणाला साधलेली नाही.

प्रदर्शनाच्या आधीच, १९९९ मध्ये, ड्रीमवर्क्सशी पाच चित्रपटांचा करार झाला होता. इथून पुढली काही वर्षे वाचताना मला नेहमी तो थरथरणारा म्हातारा आठवतो. ससा आणि कासवाच्या शर्यतीवरचा पुढचा चित्रपट २००१ मध्ये, काम सुरू झालेले असताना, कथा जमत नाही म्हणून थांबवला गेला. तयार सेट, तयार बाहुली, कामावर घेतलेली माणसे, आणि काम बंद. स्टुडिओच्या इतिहासातला हा सर्वांत कडू निर्णय असणार. त्यानंतर पार्क आणि स्टीव्ह बॉक्स यांनी पाच वर्षे खपून 'द कर्स ऑफ द वेअर-रॅबिट' केला. महाकाय भाज्यांच्या स्पर्धेत बक्षीस कुणाला मिळणार, ही चिंता सगळ्या गावाला लागलेली आहे, अशी त्याची गोष्ट. इतकी अस्सल इंग्रजी चिंता अमेरिकी भागीदाराच्या हिशोबात बसणे अवघडच होते. चित्रपटाला ऑस्कर मिळाले, अमेरिकेतल्या कमाईने मात्र भागीदाराचे समाधान झाले नाही. मग 'फ्लश्ड अवे' हा गटारातल्या उंदरांचा चित्रपट संगणकावर करण्यात आला. स्टॉप-मोशनमध्ये पाणी दाखवणे महाकठीण आणि त्या कथेत तर पाणीच पाणी, हे कारण पटण्यासारखे आहे. बाहुल्यांचे चेहरे मातीच्या घडणीचेच ठेवले गेले, तोंडेही बदलल्यासारखी हलतात. पण पडद्यावर क्षणभरही काही स्थिर राहत नाही. विनोदावर विनोद, धक्क्यावर धक्का, वर गाणारी गोगलगाय. मला तो चित्रपट वाईट वाटत नाही, दमवणारा वाटतो. ड्रीमवर्क्सला त्यापायी दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम तोट्यात टाकावी लागली आणि २००७ च्या जानेवारीत पाचांपैकी तीनच चित्रपट करून दोघे वेगळे झाले.

याच धामधुमीत ती आग लागली. १० ऑक्टोबर २००५, सोमवार. त्याच आठवड्याअखेरीस 'वेअर-रॅबिट' अमेरिकेतल्या तिकीटबारीवर पहिल्या क्रमांकावर आला होता आणि पहाटे ब्रिस्टलमधल्या जुन्या गोदामाला आग लागून स्टुडिओने तीस वर्षे जपलेले सेट, बाहुली आणि रेखाटने जळून गेली. दोनच दिवसांपूर्वी काश्मीरमध्ये भूकंप झाला होता. पार्कने त्याचा उल्लेख करून, त्या संहारापुढे आपले नुकसान फार मोठे नाही, अशा अर्थाचे सांगितले. ज्याने एका भुवईसाठी वर्षे घालवली त्याचे ते बोलणे होते, म्हणून त्यातला संयम मला शिष्टाचाराचा वाटत नाही. आणि एका अर्थाने हे बाहुले जतन व्हायला घडवलेलेच नसतात. चित्रीकरण चालू असतानाच त्यांची डोकी बदलतात, हात तुटतात, माती मळली की काढून नवी चढवतात. पडद्यावरचा ग्रोमिट हा एक बाहुला नसून एकामागून एक झिजलेल्या अनेकांची ती एक चाल आहे.

वेगळे झाल्यावर सोनीबरोबर काही वर्षे गेली, 'आर्थर ख्रिसमस' आणि समुद्री चाच्यांचा चित्रपट झाला. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखे माझ्याकडे नाही. त्याहून महत्त्वाचे काम छोट्या पडद्यावर झाले. 'अ क्लोज शेव्ह'मधले एक मेंढरू घेऊन २००७ मध्ये 'शॉन द शीप' ही मालिका सुरू झाली. सात-सात मिनिटांचे भाग आणि त्यांत एकही शब्द नाही. शेतकरी फक्त गुरगुरतो, कुत्रा हुंकारतो, मेंढ्या बें करतात. भाषांतराची गरजच नसल्याने ती दीडशेहून अधिक देशांत गेली. कर्णबधिर मुलांच्या कार्यक्रमातून सुरू झालेला स्टुडिओ पस्तीस वर्षांनी पुन्हा तिथेच येऊन उभा राहिला, या वेळी जगभरच्या मुलांसमोर. लॉर्ड आणि स्प्रॉक्सटन साठीच्या पुढे गेल्यावर कंपनीचे काय करायचे, हा प्रश्न आला तेव्हा २०१८ च्या नोव्हेंबरात त्यांनी ७५ टक्के भागभांडवल कर्मचाऱ्यांच्या विश्वस्त निधीकडे सोपवले. बड्या कंपनीने विकत घ्यावे असा हा स्टुडिओ होता. विकला गेला नाही. २०२३ मध्ये त्यांना माती पुरवणारा, इंग्लंडमधल्या टॉर्की गावचा छोटा कारखाना बंद पडला, तेव्हा आता वॉलेस-ग्रोमिट संपले अशी आवई उठली. साठा पुरेसा आहे आणि पुढची तजवीजही आहे, असा खुलासा स्टुडिओला करावा लागला. माती संपल्याची बातमी लोकांना इतकी घाबरवते, हे मला त्या खुलाशाहून अधिक बोलके वाटले.

पीटर सॅलिस २०१७ मध्ये गेले. २०२४ च्या नाताळात बीबीसीवर 'व्हेन्जन्स मोस्ट फाउल' आला तेव्हा वॉलेसचा आवाज बेन व्हाइटहेड यांचा होता. त्यांनी तो इतका हुबेहूब काढला आहे की पहिली काही मिनिटे मी फरक शोधत बसलो आणि मग विसरलो. या चित्रपटात वॉलेस बागकाम करणारा एक यांत्रिक बुटका बनवतो. तो अखंड बोलतो, अखंड हलतो, आणि ग्रोमिटने हौसेने वाढवलेली बाग काही क्षणांत कापूनकुपून एकसारखी करून टाकतो. ग्रोमिट दारात उभा राहून ते पाहतो. तिकडे प्राणिसंग्रहालयाच्या गजांआड एकतीस वर्षे बसवून ठेवलेला पेंग्विन आहे, तेच दोन काळे मणी, आणि त्याचेही डोके हळूच वळते. वॉलेससाठी नवा आवाज शोधावा लागला होता. या दोघांसाठी कुणालाच शोधावे लागले नाही. बुटका बडबडत राहतो, कात्री चालत राहते. ग्रोमिटच्या भुवईचे आतले टोक किंचित वर जाते आणि कित्येक फ्रेम तिथेच राहते.